मोडण्याचं काम

मोडणं हे माझं काम.
मिन्याच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
बावीस वर्षं मी त्या यंत्रापाशी उभा आहे
आणि पगार घेऊन वस्तू मोडतो आहे.
ठोकळे, सळ्या, विटा,
एकदा तर एका कंत्राटदाराची अब्रू.
ती फारच कमी वजनाला गेली.

सिमेंटचा ठोकळा मानी. मोडेन पण वाकणार नाही.
शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही,
मग एकदम धाड,
आणि माझ्या चष्म्यावर धूळ.

शुरूक आली ती टुकटुकच्या टपावर
झावळ्यांचा भारा बांधून.
खजुराची छाटणी झाली की हे आमच्याकडे बांधावर जळतं,
आठवडाभर नदीचा पलीकडचा काठ दिसत नाही.
"लाकूड आपण बोटीतून आणतो," ती म्हणाली,
"फिनलंडहून. आणि हे पेटवतो."
डॉक्टर वजीह म्हणाले, "बरं. पण कोंबड्या कुठे आहेत?"
कारण झावळीच्या कण्याचे, जरीदचे,
आमच्याकडे फक्त खुराडे होतात.
सगळे हसले.
मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

तिनं कणे सोलले, पट्ट्या काढल्या,
राळेनं एकावर एक चिकटवून
मनगटाएवढी तुळई केली.
मी ती दोन आधारांवर ठेवली, मध्ये भार दिला.
वाकली.
अजून वाकली.
मग टिक्. थोड्या वेळानं टिक् टिक्.
आत एकेक धागा सुटत होता
आणि प्रत्येक जण जाताना सांगून जात होता.
इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी
मोडण्याआधी इतकं बोललं नव्हतं.

शुरूकनं आकडा वहीत लिहिला आणि
वही छातीशी धरून उगीचच जिन्यापर्यंत जाऊन आली.

पण तिसरी खेप वाईट निघाली.
अकरा तुळया, अकराही निम्म्या भाराला गेल्या.
तिनं राळ बदलली, भट्टी तपासली,
माझ्या यंत्रावरसुद्धा संशय घेतला.
मी तुकडे झाडून गोळा करत होतो.
एक हातात राहिला. नाकाशी नेला.
गोड वास.

मला ठाऊक होतं.
पहिल्याच दिवशी, टुकटुकपाशीच ठाऊक होतं
काय विचारायला हवं ते.
दोन दिवस गप्प राहिलो.
मग म्हणालो, "या कोवळ्या झावळ्या आहेत, आतल्या वेढ्याच्या.
रस असताना कापल्यात, आणि उन्हात आडव्या वाळवल्यात.
बाहेरच्या वेढ्याच्या घ्यायच्या, म्हाताऱ्या, थंडीत.
बुंधा खाली करून सावलीत उभ्या ठेवायच्या,
रस उतरेपर्यंत."
"हे कुठं वाचलंत?"

वाचलं नव्हतं.
मल्लावीच्या बाजाराबाहेर, भिंतीच्या सावलीत,
खलाफ नावाचा माणूस जमिनीवर बसून खुराडे करायचा.
जरीद पायाच्या अंगठ्यात धरायचा,
उजव्या हातात कोयता, डाव्या हातात ठोकणी.
त्याचे अंगठे बाहेर वळले होते, त्याला कुठलीच चप्पल होत नसे.
शाळेत मी सांगितलं होतं, वडील रेल्वेत आहेत.

"कसं धरायचे?" शुरूकनं विचारलं.

दार लोटून घेतलं.
बूट काढले, मोजे काढले.
एसीत लादी गार होती.
पन्नाशीच्या माणसाचे पाय, पांढरे, सरकारी,
त्यात मी जरीद धरला.
सुटला. पुन्हा धरला.
तेवढ्यात डॉक्टर वजीह आत आले,
माझ्या पायांकडे पाहिलं,
आणि कशाला आलो तेच विसरले.

पुढं काय होईल माहीत नाही.
शुरूक म्हणते कालव्यावर पादचारी पूल,
वजीह म्हणतात आधी सायकलींवर छप्पर तरी घाला.
राळ महाग आहे. वाळवीचा प्रश्न सुटलेला नाही.

चौथी खेप आज सकाळी लावली.
यंत्र हळू सोडलं आहे, नेहमीपेक्षा हळू.
अहवालात "सूचना कोणाची" असा रकाना नाही,
मी वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
खलाफ, खुराडेवाला, मल्लावी.

टिक्.

अजून बराच भार घ्यायचा आहे तिला.